कोणती मुलगी?

गेल्या अंकात एका वाचकाने विचारलं होतं, विनोदी मालिकेतलं आवडतं पात्र मेलं की पुढचा भाग बघवत नाही, असं का होतं? मी घाईत होते. ‘होते सवय हळूहळू’ असं तीन शब्दांचं उत्तर देऊन मोकळी झाले. त्या तीन शब्दांसाठी मला महिनाभर बोलणी बसताहेत. एका बाईंनी लिहिलंय, ‘तुमचं कुणी गेलेलं दिसत नाही.’ तेव्हा या वेळचं सदर सगळं याच विषयाला. मालिकांचे शेवट खाली बिनदिक्कत फोडले आहेत. ज्यांना स्वतः बघायचे आहेत त्यांनी पान उलटावं, मला राग येणार नाही.

प्रश्न : ताई, मी आणि नवरा रोज रात्री ‘मॅश’चा एक भाग बघतो. कोरियाच्या युद्धातल्या लष्करी दवाखान्याची विनोदी मालिका, पन्नास वर्षांपूर्वीची, पण आम्हाला नवीच. परवा तिसऱ्या पर्वाचा शेवटचा भाग पाहिला. दवाखान्याचा प्रमुख हेन्री ब्लेक याला घरी जायची परवानगी मिळाली, सगळ्यांनी निरोप दिला, मी डोळे पुसले, आणि अगदी शेवटी त्याचं विमान पाडल्याची बातमी आली. मी टीव्ही बंद करून आत गेले. नवरा म्हणतो, ‘अगं, ते युद्ध आहे.’ मला दोन दिवस राग आहे. माझं काही चुकतंय का?

नाही. तुमचा राग बराच जुना आहे, एवढंच. 18 मार्च 1975 ला हा भाग अमेरिकेत पहिल्यांदा दाखवला तेव्हा लोक असेच उठून आत गेले असणार, आणि मग बाहेर येऊन पत्रं लिहायला बसले. ढिगानं पत्रं आली. मालिकेचे कर्तेधर्ते लॅरी गेलबार्ट आणि जीन रेनॉल्ड्स यांनी त्यांतल्या कित्येकांना स्वतः उत्तरं लिहिली. मी हे सदर चालवते म्हणून सांगते, चिडलेल्या पत्राला उत्तर देणं हे संवाद लिहिण्यापेक्षा अवघड काम आहे.

झालं असं की हेन्रीचं काम करणारा मॅक्लीन स्टीव्हन्सन मालिका सोडणार होता. अशा वेळी पात्राला घरी पाठवतात. सोपं असतं, आणि नट परत आला तर दारही उघडं राहतं. इथेही भाग तसाच लिहिलेला होता : नवा सूट, निरोपाची दारू, हेलिकॉप्टर. शेवटचं पान तेवढं कलाकारांच्या हाती आधी दिलेलं नव्हतं. बाकीचं चित्रीकरण होत आल्यावर ते बाहेर काढलं. गेलबार्ट आणि रेनॉल्ड्स यांचं म्हणणं होतं की कोरियाच्या युद्धावर मालिका करतो आणि मरतात ती फक्त नाव नसलेली पोरं, हे बरोबर नाही. एकदा तरी प्रेक्षकाच्या ओळखीचा माणूस मेला पाहिजे.

आता तो प्रसंग पुन्हा आठवून बघा. (पुन्हा लावू नका, आठवाच.) रडार नावाचा कारकून पोरगा ऑपरेशनच्या खोलीत येतो. तोंडावर मास्क नाही, म्हणून त्याच्यावर कुणीतरी खेकसतंसुद्धा. तो कागद वाचून दाखवतो : हेन्रीचं विमान जपानच्या समुद्रावर पाडलं, कुणी वाचलं नाही. आणि मग कुणीही काम थांबवत नाही. समोर पोट उघडं असलेला जखमी आहे, टाके घालायचेत. रडायला हात मोकळा नाही. एक अवजार खाली पडल्याचा आवाज येतो ना, तो स्क्रिप्टमध्ये नव्हता. टेकमध्ये चुकून पडलं आणि त्यांनी ते राहू दिलं. माझ्या मते त्या भागातला सगळ्यात चांगला संवाद तोच.

तुम्हाला अजून एक जाणवलं असेल, नसेल तर सांगते. त्या खोलीत हशा नाही. ‘मॅश’ला चॅनलच्या आग्रहाखातर मुद्रित हशा लावायचे, पण ऑपरेशनच्या खोलीतल्या प्रसंगांना लावायचा नाही असं ठरलेलं होतं. इतर ठिकाणी हसणारी माणसं त्या दाराशी येऊन गप्प होतात. हेन्रीची बातमी त्यांनी तंबूत, जेवणाच्या रांगेत, कुठेही दिली असती, पण दिली ती हशाला मज्जाव असलेल्या एकमेव जागी. त्यानंतर हेन्रीच्या जुन्या हसऱ्या क्षणांची मालिका लावून भाग संपवला आहे, ती मात्र मला खपली नाही. धक्का द्यायचा आणि लगेच पाठीवरून हात फिरवायचा! एक काहीतरी करा.

तुमचा नवरा बरोबर आहे आणि तुम्हीही बरोबर आहात. रडक्या मालिकेपुढे आपण सावध बसतो, कोण कधी जाईल याचा अंदाज बांधत बसतो. विनोदी मालिकेपुढे आपण पाय पसरून बसतो. तिथे गेल्या आठवड्याचा माणूस या आठवड्यात त्याच खुर्चीत असणार, तीच चूक करणार, याचीच तर मजा असते. मग तिथून माणूस नेला की दुःखाआधी राग येतो.

एक विनंती. चौथ्या पर्वाचा पहिला भाग सोडू नका. त्यात डॉक्टर ट्रॅपर गेलेला आहे, मेलेला नाही, नुसता घरी गेला. त्याचा जिवलग दोस्त, डॉक्टर हॉकआय, सुट्टीवरून परत येतो तर हा निघून गेलेला. तो विमानतळाकडे धावतो आणि चुकामूक होते. मेलेल्याला अख्खा भाग निरोप मिळाला, जिवंत माणसाला हस्तांदोलनसुद्धा नाही. तो बघितल्यावर राग कुणावर आहे ते पुन्हा कळवा.

प्रश्न : मी कॉलेजात आहे. ‘हाऊ आय मेट युअर मदर’ नऊ पर्वं बघितली. शेवटी ती मदरच मेलेली! सगळे म्हणतात, आयुष्य असंच असतं. पण मार्शलचे बाबा गेले तेव्हाही मी रडले होते आणि तेव्हा राग आला नव्हता. मग आताच का?

तुझ्या प्रश्नातच उत्तर आहे, पोरी, मी फक्त उलगडून देते.

मार्शलच्या वडिलांचा भाग जानेवारी 2011 चा. अख्ख्या भागात कुठे पाटीवर, कुठे पुस्तकावर, कुठे बाटलीवर पन्नासपासून एकपर्यंत आकडे उतरत येतात. पहिल्या वेळी बघताना लक्षातही येत नाही, नुसतं पोटात काहीतरी होतं. त्याची बायको लिली टॅक्सीतून उतरते आणि सांगते. मार्शलचं काम करणाऱ्या जेसन सेगेलला ते वाक्य आधी माहीत नव्हतं. कॅमेऱ्यापुढे त्याने ते पहिल्यांदा ऐकलं. छान युक्ती, पण युक्तीच. नुसत्या युक्तीवर मी गुण देत नाही.

गुण पुढच्या भागांना. लगेचच्या भागात अंत्यविधी आहे, आणि विषय काय? वडील आपल्याशी शेवटचं काय बोलले! प्रत्येकाच्या वडिलांचं काहीतरी भारदस्त वाक्य आहे आणि मार्शलला आठवतंय ते एका सिनेमाबद्दलचं फालतू बोलणं. हसू येतं आणि हसताना घसा दुखतो. त्यानंतरही तो सावरत नाही. आईकडे जाऊन राहतो, निघायचं नाव घेत नाही, पुढे नोकरी सोडतो. बाप गेल्याची किंमत मालिकेने कित्येक भाग हप्त्याहप्त्याने भरली.

आता शेवट बघ. 31 मार्च 2014. बाप मुलांना त्यांची आई कशी भेटली ते सांगतोय, अशी ही सगळी मालिका. त्या मुलांचा जो प्रसंग शेवटी येतो तो दुसऱ्या पर्वाच्या सुमारासच चित्रित करून ठेवलेला, कारण मुलं वाढतात. म्हणजे शेवट डब्यात बंद होता आणि मालिका सात वर्षं वेगळ्याच रस्त्याला लागली होती. बरं, आठव्या पर्वाच्या अखेरीला ती मदर, म्हणजे क्रिस्टिन मिलिओटी, एकदाची समोर आली आणि ती सगळ्यांना फारच आवडली. हा लेखकांच्या दृष्टीने अपघात म्हणायचा. नववं पर्व जवळजवळ सगळं एका लग्नाच्या शनिवार-रविवारात काढलं. आणि शेवटच्या तासाभरात काय काय? ज्यांच्या लग्नासाठी पर्वभर जागलो त्यांचा घटस्फोट, आणि मदरचं आजारपण निवेदनाच्या दोनेक वाक्यांत. आपल्याला कळतं तेव्हा तिला जाऊन सहा वर्षं झालेली आहेत. मुलं बापाला म्हणतात, जा आता त्या दुसऱ्या बाईकडे.

मुलांनी सहा वर्षं घेतली होती. तुला सहा मिनिटंसुद्धा दिली नाहीत. तुला फसवलं नाही, तुला उरकलं. डीव्हीडीवर त्यांनी पुढे दुसरा शेवट दिला, त्यात ती जगते. मी पाहिला. त्यानं माझं समाधान झालं नाही, कारण ती मरायला नको होती ही माझी तक्रार कधी नव्हतीच.

प्रश्न : महोदया, मृत्यू हा विनोदाचा विषय नव्हे. अंत्ययात्रेतही हशे पिकवणारे हे लेखक कोणत्या संस्कारांतले? आपण त्यांची तरफदारी करता याचा खेद वाटतो.

आदरणीय, खेद पोहोचला. पण एक सांगा, तुम्ही कधीच कुणाच्या अंत्यविधीला चुकीच्या वेळी हसू दाबलं नाही? मी दाबलंय. गालाची आतली बाजू चावून दाबलंय.

ब्रिटिश मालिका आहे, ‘ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस’. त्यात आजोबांचं काम करणारा लेनर्ड पिअर्स 1984 च्या डिसेंबरात गेला, मालिकेचं काम चालू असताना. लेखक जॉन सलिव्हन याने दुसरा आजोबा आणला नाही. आजोबांचं दफनच लिहिलं. पुढच्या फेब्रुवारीत ते दाखवलं. सगळे कबरीभोवती उभे आहेत. आजोबांची टोपी शेवटची आठवण म्हणून मोठ्या भावाने, डेलने, आदराने खड्ड्यात टाकली. नंतर कळतं, टोपी पाद्रीबाबांची होती. घरी आल्यावर धाकटा भाऊ डेलवर चिडतो : तुला काहीच कसं वाटत नाही, तू हसतोस कसा? आणि मग डेल बोलतो. लहानपणापासून सगळ्यांना हसवून, सावरून नेणं हे ज्याचं काम, त्याला रडायचं कसं तेच माहीत नाही, असं काहीतरी तो सांगतो. टोपीचा विनोद नसता तर ते बोलणं नुसतं भाषण झालं असतं.

दुसरं उदाहरण ऑक्टोबर 1975 चं, ‘मेरी टायलर मूर शो’. टीव्हीवरचा एक विदूषक शेंगदाण्याच्या वेषात मिरवणुकीत जातो आणि हत्ती त्याला सोलायला बघतो. मेला. कचेरीत सगळे हसून बेजार, आणि मेरी तुमच्यासारखीच प्रत्येकाला संस्कारांवरून झापते. मग प्रार्थनेच्या वेळी नेमकं तिलाच हसू आवरेना. धर्मगुरू म्हणतात, हसा, त्या माणसाने आयुष्यभर लोकांना हसवण्याचंच काम केलं, त्याला आवडेल. तशी ती हंबरडा फोडते. या भागात मेलेल्या माणसाशी प्रेक्षकाची मुळात फारशी ओळखच नव्हती, म्हणून तो लिहायला थोडा सोपा. टोपीचा भाग त्याहून कठीण.

प्रश्न : नट वारला तर दुसरा नट घ्यावा आणि पुढे जावं. एवढा बाऊ कशाला?

घेतात की. ‘तारक मेहता का उल्टा चष्मा’मधले डॉक्टर हाथी, कवी कुमार आझाद, जुलै 2018 मध्ये गेले. पात्र तसंच ठेवून ती भूमिका पुन्हा निर्मल सोनी यांच्याकडे गेली, सुरुवातीच्या काळात त्यांनीच ती केली होती. काही प्रेक्षकांनी मान्य केलं, काहींना अजून चैन नाही. रोज चालणाऱ्या मालिकेचं गणित वेगळं असतं. चार दिवसांचे भाग हाताशी असतात, पाचव्या दिवशी काहीतरी दाखवावंच लागतं. त्या गणितात मी राहिलेय, म्हणून दगड मारत नाही.

उलट, माझ्यावर मारा. मी एका विनोदी मालिकेचे संवाद लिहीत होते. नाव सांगत नाही. त्यात घरातल्या काकांचं काम करणारे गृहस्थ अचानक गेले. सकाळी बातमी, दुपारी बैठक. दुसरा नट नको, यावर सगळ्यांचं एकमत झालं. मरण दाखवायचं नाही, यावरही. संध्याकाळच्या वेळी माणसं हसायला बसतात, त्यांना कशाला, असं वरून आलं. मग? ‘काका मुलीकडे परदेशी गेले.’ हे वाक्य माझं. मी ते चहा पिता पिता लिहिलं. भाजी निवडणाऱ्या एका पात्राच्या तोंडी घातलं आणि पुढच्या ओळीत विनोद होता. तो आता मला आठवत नाही, ही एक मेहेरबानी.

पत्रं आली. रागाची थोडी होती. एक पोस्टकार्ड लक्षात राहिलं. त्यावर एकच ओळ : ‘कोणती मुलगी?’

आठ वर्षं मालिका चालू होती. काकांना मुलगी नव्हती. काकांचं लग्नच झालेलं नव्हतं, आणि त्यावर आठ वर्षांत मी स्वतः शंभर तरी विनोद केले असतील. मी विसरले होते. त्या माणसाने विसरलं नव्हतं.

त्यानंतर मी दुसऱ्यांनी हे कसं केलं ते शोधायला लागले. ‘आर्ची बंकर्स प्लेस’चा 1980 चा एक भाग आहे. आर्चीच्या बायकोचं, ईडिथचं, काम करणाऱ्या जीन स्टेपलटनला आता बस झालं होतं, म्हणून ईडिथ पडद्याबाहेरच झटक्याने गेलेली. मरण दाखवलेलंच नाही, लक्षात घ्या. आर्ची, ज्याने वर्षानुवर्षं त्या बाईवर नुसतं तोंडसुख घेतलं, भागभर दगडासारखा वावरतो. मग खोलीत त्याला तिची एक सपाता सापडते. ती हातात धरून तो तिच्याशी बोलतो, तक्रार करतो, तू आधी जायचं नव्हतंस. नुसती एक सपाता, तीही जोडीतली एकच.

आमच्या सेटवर काकांची खुर्ची होती. दोन दिवसांनी ती गोदामात गेली, कारण फ्रेम रिकामी दिसत होती. मी तिथेच उभी होते.

प्रश्न : सहकलाकार खरोखर मेला असताना बाकीच्यांना त्याच्या मरणाचा अभिनय करायला लावणं क्रूर नाही का? हे दुःखाचं दुकान झालं.

कधी कधी होतं दुकान. ‘एट सिम्पल रूल्स’ मध्ये बापाचं काम करणारा जॉन रिटर 11 सप्टेंबर 2003 ला सेटवरच आजारी पडला आणि त्याच रात्री महाधमनी फाटून गेला. नवीन पर्वाचे तीन भाग तयार होते, ते दाखवले. मालिका बंद होईल असं वाटत असताना नोव्हेंबरात तासाभराचा भाग आला : पात्रही गेलेलं आहे, दूध आणायला दुकानात गेला आणि तिथेच कोसळला. स्टुडिओत प्रेक्षक नाहीत, हशा नाही. आईचं काम करणारी केटी सगाल आणि ती मुलं जी रडताहेत त्यात अभिनय किती आणि खरं किती, हे ओळखू येत नाही, आणि ते बघताना आपण कुणाच्या तरी घरात न विचारता शिरलोय असं मला वाटलं. म्हणून तुमची शंका मी झटकत नाही. पण कोवळ्या मुलांना, काम चालू आहे आणि ज्याच्याबरोबर काम करायचो त्याचं नाव काढायचं नाही, असं सांगणं जास्त क्रूर झालं असतं. मी तसं सांगणाऱ्यांबरोबर काम केलंय. सेटवर कुणी काकांचं नाव घेतलं की सगळे स्क्रिप्टमध्ये डोकं घालायचे.

प्रश्न : ‘टू अँड अ हाफ मेन’मध्ये चार्लीला मारलं तो भाग तुम्हाला आवडला का? एका शब्दात सांगा.

नाही.

(संपादक म्हणतात, एक शब्द फार कमी होतो. बरं.) मार्च 2011 मध्ये चार्ली शीनला काढून टाकलं, सप्टेंबरात नववं पर्व त्याच्या पात्राच्या अंत्यविधीने उघडलं. शवपेटीसमोर जुन्या मैत्रिणी त्याच्या तक्रारी सांगताहेत. अमेरिकेत 2 कोटी 80 लाखांहून जास्त लोकांनी तो भाग पाहिला. पुढे 2015 च्या शेवटच्या भागात त्याच्यासारख्या दिसणाऱ्या माणसावर पियानो पाडला, आणि मग निर्मात्यावरही. भांडण चव्हाट्यावर होतं, गर्दी ते बघायला जमली. आठ वर्षं ज्या माणसाबरोबर हसलो त्याच्यासाठी त्या घरात कुणी एक क्षण गप्प बसलं नाही.

भांडणातून मारलं म्हणजे वाईटच होतं असं नाही. ‘गुड टाइम्स’मध्ये बापाचं काम करणारा जॉन एमोस लेखनावरून सतत वाद घालायचा, थोरल्या मुलाचं माकड करू नका म्हणायचा. त्यालाही काढलं आणि 1976 मध्ये पात्राला मोटार अपघातात मारलं. पण तिथे आईच्या कामात एस्थर रोल होती. आई पाहुण्यांची सरबराई करते, हसते, कोणी म्हणतं हिला काही वाटतच नाही. सगळे गेल्यावर आवरताना हातातलं काचेचं मोठं भांडं ती जमिनीवर आपटते. निर्मात्यांनी मारलं रागाने असेल, तिने त्याला पोचवलं मात्र नीट.

प्रश्न : माझी मुलगी सहा वर्षांची आहे. तिच्या आवडीच्या कार्यक्रमातले आजोबा ‘गेले’. ती रोज विचारते, कधी येणार? मी म्हणते, येतील. आता काय करू?

आधी ‘येतील’ म्हणणं थांबवा. मी काय उत्पात केला ते वर वाचलंतच.

‘सेसमी स्ट्रीट’ ही विनोदी मालिका नव्हे, मुलांचा कार्यक्रम, पण हे काम त्यांच्याइतकं नीट कुणी केलेलं मला माहीत नाही. दुकानदार मिस्टर हूपरचं काम करणारे विल ली डिसेंबर 1982 मध्ये वारले. कर्त्यांनी जवळजवळ वर्षभर विचार केला, जाणकारांना विचारलं, मुलांना दाखवून पाहिलं आणि नोव्हेंबर 1983 मध्ये, आईबाप घरी असतील अशा सुट्टीच्या दिवशी, तो भाग दाखवला. बिग बर्ड, म्हणजे त्यातला लहान मुलासारखा मोठा पिवळा पक्षी, सगळ्यांची चित्रं काढून आणतो आणि वाटतो. हूपरचं चित्र उरतं. म्हणतो, ते आले की देईन. मोठी माणसं एकमेकांकडे बघतात आणि सरळ सांगतात की ते मेले, आणि मेलेली माणसं परत येत नाहीत. आजारी होते, म्हातारे होते, दवाखान्यात होते, यांतलं काहीही सांगत नाहीत. कारण उद्या आई तापाने झोपली तर मूल घाबरेल. देवाघरी वगैरेही नाही. बिग बर्ड विचारतो, पण असं का? उत्तर मिळतं : कारण नाही, असंच असतं.

मग तो चित्र आपल्या घरट्यापाशी लावतो. ती चित्रं बिग बर्डचं काम करणाऱ्या कॅरोल स्पिनी यांनी स्वतः काढलेली होती. तुमच्या मुलीला कागद आणि रंग द्या. ती रागावेल, कदाचित तुमच्यावरच. रागावू द्या.

प्रश्न : आई, बाबा आणि मी मिळून ‘चीअर्स’ बघत होतो. तिसरं पर्व संपत आलं आणि बाबा गेले. तीन महिने झाले. आता आई म्हणते, ‘लाव पुढचं, राहिलंय ना?’ मी पुढे काय आहे ते वाचलं. कोच मरतो. बाबांचा लाडका कोच. लावू की नको?

तुमचं पत्र मी शेवटी ठेवलं, कारण बरेच दिवस टेबलावर पडून होतं आणि मला उत्तर येत नव्हतं.

पुढे काय आहे ते आधी नीट सांगते. कोचचं काम करणारे निकोलस कोलासांतो फेब्रुवारी 1985 मध्ये हृदयविकाराने गेले. तिसऱ्या पर्वाच्या अखेरीकडे कोच दिसेनासा होतो, ते तुम्ही पाहिलंच असेल. सप्टेंबरात चौथं पर्व सुरू झालं तेव्हा मालिका जिथे घडते त्या बारमध्ये वुडी नावाचा एक खेडवळ पोरगा येतो, कोचना भेटायला. त्याला सांगतात की कोच आता नाहीत. पोरगा म्हणतो, आमची पेनमैत्री होती. पत्रं लिहायचात? नाही, आम्ही एकमेकांना पेनं पाठवायचो. हा विनोद अगदी त्या भोळ्या कोचच्या डोक्यातून निघालेला वाटतो. म्हणजे माणूस गेला, पण त्याच्यासारखा विचार करणारं कुणीतरी दारात येऊन उभं राहिलं. रडारड नाही. मरण पडद्यावर नाही. कुठेही कोचला परदेशी पाठवलेलं नाही.

आईला आधी सांगा. अचानक कळू देऊ नका. कोच पुढच्या भागात नाहीत, ते गेले, आणि खरोखरचा माणूसही गेला होता. मग त्या म्हणाल्या लाव, तर लावा. त्या रडल्या तर बंद करायची घाई करू नका, त्यांनाच विचारा. आणि वुडी त्यांना आवडला नाही तरी चालेल. माझ्या ओळखीत असे लोक आहेत ज्यांनी वुडीला दोन पर्वं माफ केलं नाही.

एक गोष्ट अजून, ती आईला आत्ता सांगू नका. कोलासांतोंच्या मेकअपच्या खोलीत जेरोनिमोचं एक चित्र असायचं, जुन्या अपाची लढवय्याचं. ते गेल्यावर बाकीच्यांनी ते उचलून बारच्या सेटवर भिंतीला लावलं. त्याच्याकडे कुणी बोट दाखवत नाही, कुणी संवादात नाव घेत नाही. ते नुसतं तिथे असतं, आठ वर्षं. मे 1993 च्या शेवटच्या भागात अगदी अखेरीला बार चालवणारा सॅम त्या भिंतीपाशी जातो आणि जरा वाकडं झालेलं ते चित्र सरळ करतो.

अकरा पर्वं आहेत. तिथवर पोहोचायला तुम्हाला वेळ लागेल. घाई नाही. पोहोचलात की मला कळवा, आईने ते चित्र ओळखलं का ते.